घरातला उमेदवार

नाशिक रोडला बिटको चौकाच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सुनीलचं प्रवेश मार्गदर्शनाचं ऑफिस होतं. निकाल लागले की जिन्यात चपलांचा खच पडायचा. आईबाप मुलांना घेऊन यायचे आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा, "सर, किती चान्स आहे?" सुनील मार्क बघायचा, मुलाला दोन-चार प्रश्न विचारायचा आणि आकडा सांगायचा. साठ टक्के. तीस टक्के. कधी सरळ म्हणायचा, "इथं वेळ घालवू नका." त्याचा आकडा सहसा चुकत नसे. नोटांच्या प्रेसमधली माणसं, ओझरच्या विमान कारखान्यातली माणसं एकमेकांना सांगायची, सुनील सर गोड बोलत नाहीत, पण खोटंही बोलत नाहीत.

एके दुपारी गर्दी ओसरल्यावर त्याची बायको मोहिनी ऑफिसात आली आणि पालक बसतात त्या खुर्चीवर बसली.

"घरी काही झालं का?" सुनीलनं विचारलं.

"नाही. हैदराबादच्या विद्यापीठातून मेल आलाय. मुलाखतीला बोलावलंय." तिनं मोबाइल त्याच्यापुढे ठेवला. "पीएचडीच्या प्रवेश परीक्षेत एकाहत्तर मिळाले."

सुनीलनं मेल वाचला. मग पुन्हा वाचला. मोहिनीनं परीक्षा दिली होती हे त्याला ठाऊक होतं. "दे, तेवढाच अनुभव," असं तोच हसत म्हणाला होता. तिला बोलावणं येईल असं मात्र त्याच्या मनातही आलं नव्हतं.

ह्याच विद्यापीठात रसायनशास्त्राच्या पीएचडीसाठी तो पंचविशीत दोनदा मुलाखत देऊन आला होता. दोन्ही वेळा यादीत नाव नव्हतं. दुसऱ्या खेपेनंतर त्यानं क्लास काढला, पुढे क्लास सोडून हे मार्गदर्शनाचं काम धरलं. त्या विद्यापीठाचं नाव तो पालकांशी बोलताना आजही इतक्या सहज घ्यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, सर तिथलेच. त्याला तेव्हा परीक्षेत बासष्ट मिळाले होते.

"तुम्ही सगळ्यांना सांगता तसं मला सांगा," मोहिनी म्हणाली. "किती चान्स आहे?"

त्यानं नेहमीचे प्रश्न विचारले. विषय कोणता? झेंडूची मर. मोहिनीचं माहेर मखमलाबादचं, आईवडील भाजी आणि फुलं करायचे. झेंडूचा उभा प्लॉट आठ-दहा दिवसांत माना टाकतो हे ती लहानपणापासून बघत आली होती. एमएस्सीनंतर ती दिंडोरी रोडवरच्या माती आणि पीक तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली, आणि नोकरी सांभाळून आजूबाजूच्या गावांतल्या मेलेल्या रोपांची मुळं गोळा करून तपासत राहिली. त्यावर तिचा एक शोधनिबंधही छापून आला होता. हे सगळं सुनीलला माहीत होतं, पण उमेदवाराची माहिती म्हणून त्यानं ते आज पहिल्यांदा ऐकलं. ऐकता ऐकता त्याच्या डोक्यात आकडा तयार झाला. ऐंशी. कदाचित जास्तच.

"पंचवीस टक्के," तो म्हणाला. "तेही मी जरा सढळ हातानं सांगतोय."

मोहिनीनं मान हलवली. "एवढे कमी?"

"वय बघ. मधली इतकी वर्षं बघ. तिथं ताजी पोरं येतात." त्यानं तोंडावर तोच प्रामाणिक भाव आणला, ज्याच्यावर अख्खा नाशिक रोड विश्वास ठेवायचा. मोहिनीनंही ठेवला. ती जिना उतरून गेली तेव्हा त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची त्याला लाजही वाटली. पण हायसं वाटणंच जास्त होतं.

घरी वेगळाच प्रकार सुरू झाला. सुनीलचे वडील खंडेराव नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. बोलायला मोजके. मुलाच्या ऑफिसबद्दल त्यांनी कधी बरं-वाईट काही म्हटलं नव्हतं. पण संध्याकाळी कट्ट्यावरून परतताना ते ज्याला त्याला सांगू लागले, "आमच्या सूनबाईला हैदराबादहून बोलावणं आलंय. डॉक्टरेटला." शेजारचे धोंडीराम काका घरी येऊन म्हणाले, "सुनील, तुझं राहिलं ते ही पुरं करणार बघ!" सुनील हसला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय असं त्यानं सांगितलं.

मोहिनी कामावर गेली की तो तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहायचा. बाटल्यांत ठेवलेली वाळकी मुळं, त्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. आडगाव. गिरणारे. मातोरी. हे सगळं ती त्याच्या डोळ्यांदेखत करत होती आणि तो तिला आपली बायको जरा कामसू आहे, एवढंच समजत होता. आपण एखाद्या गोष्टीला इतकी वर्षं चिकटून राहिलो का? त्यांनी दोनदा नाही म्हटलं आणि आपण उठून आलो. हा विचार आला की त्याला तिचा राग यायचा.

रविवारी सकाळी मोहिनी म्हणाली, "माझी सरावाची मुलाखत घ्या ना. तुम्ही आत जाऊन आलेले आहात."

ते जेवणाच्या टेबलापाशी समोरासमोर बसले. खंडेराव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते.

"एमएस्सी होऊन इतकी वर्षं झाली," सुनीलनं सुरुवात केली. "काय करत होतात?"

"प्रयोगशाळेत रोगांचं निदान करते, सर. झेंडूच्या मरीचे नमुने..."

"ती नोकरी झाली. संशोधन कुठंय?"

"निबंध आहे एक."

"एक." तो थांबला. "घरी कोण कोण असतं?"

मोहिनीनं जरा गोंधळून पाहिलं. "सासरे, मिस्टर, मुलगी साई."

"मुलगी कितवीत?"

"सातवीत."

"म्हणजे ऐन महत्त्वाच्या वयात तिला टाकून येणार. आणि अर्ध्यात सोडून गेलात तर? तुमच्या जागी एखादा विद्यार्थी आला असता, त्याचं काय?"

"हे असं विचारतात?"

"सगळं विचारतात."

बाहेरून खंडेरावांचा आवाज आला. "तुला तिथं विचारलं होतं का रे, घर कोण बघणार म्हणून?"

"बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका."

त्यानं आणखी प्रश्न विचारले. तिच्या प्रत्येक उत्तरात खोट काढली, इंग्रजी उच्चारावर बोट ठेवलं. मोहिनीचं बोलणं तुटक होत गेलं. शेवटी झेंडूबद्दलच्या एका साध्या प्रश्नालाही ती अडखळली. मग ती उठली, गॅसवरचं दूध उतरवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "राहू दे. नाही जात मी. पंचवीस टक्क्यांसाठी कशाला साईची परवड."

"विचार कर अजून," सुनील म्हणाला. आवाज शक्य तितका मऊ ठेवला त्यानं. तिनं विचार करू नये, हेच त्याला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात मंजुषा ऑफिसात आली. ती मोहिनीच्याच प्रयोगशाळेत होती आणि तिलाही त्याच मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. "सर, माझे चौसष्ट आहेत. स्पष्ट सांगा. उगाच आशा नको."

सुनीलनं तिची माहिती ऐकली. तिच्याबद्दल त्याच्या मनात काहीच नव्हतं, त्यामुळे आकडा सरळ आला. "साठ टक्के," तो म्हणाला. आणि नंतर बराच वेळ बसून त्यानं तिला मनापासून तयारी सांगितली. समितीतली माणसं कुठं अडवतात, माहीत नसेल तर माहीत नाही असं सरळ कसं म्हणायचं, प्रस्ताव किती मोजक्या शब्दांत मांडायचा. बोलताना त्याला उत्साह आला होता. मोहिनीऐवजी मंजुषा गेली तर आपल्याला चालेल, नव्हे आवडेल, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं बोलणं आवरतं घेतलं. मंजुषा आभार मानून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मोहिनी ओट्याशी गवार निवडत बसली होती. साई शिकवणीला गेली होती, खंडेराव कट्ट्यावर.

"मंजुषाला किती सांगितलंत?" तिनं वर न बघता विचारलं.

"कशाचं?"

"साठ सांगितलंत. आज सगळ्या लॅबला पेढे वाटायचीच बाकी होती ती." तिनं शेंगेचं टोक मोडलं. "तिला माझ्यापेक्षा सात मार्क कमी आहेत. छापलेलं काही नाही. तिचा प्रस्ताव मी दुरुस्त करून दिलाय."

"तुझी परिस्थिती वेगळी आहे. वय..."

"ती माझ्याहून वर्षानं मोठी आहे."

सुनील खुर्चीवर बसला. आणखी एखादं कारण सांगता आलं असतं. पालकांसमोर त्याला शब्द कधी कमी पडत नसत. पण मोहिनीनं आता वर पाहिलं होतं.

"ऐंशी," तो म्हणाला. "तुझे ऐंशी होते. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग?"

"सहन झालं नाही मला."

मोहिनीचे हात थांबले. "काय सहन झालं नाही?"

"तू तिथं जाणं. मला दोनदा बाहेर काढलं त्यांनी आणि तू घर, नोकरी करून एका फटक्यात... बाबा गावभर सांगत फिरताहेत. माझ्याबद्दल कधी बोलले ते?"

"मी हरले असते तर बरं वाटलं असतं तुम्हाला?"

"हरली असतीस असं नाही. गेलीच नसतीस तर."

मोहिनीनं हातातली शेंग ताटात टाकली. मग म्हणाली, "लोकांच्या पोरांना खरं सांगता. मी त्यांच्यापेक्षाही परकी का हो?"

तिनं गवारीचं ताट त्याच्याकडे सरकवलं. "एवढी निवडून ठेवा. मला मंजुषाला फोन करायचाय. तिकिटं काढायचीत."

दोघी सिकंदराबादच्या गाडीनं गेल्या. स्टेशनवर सुनील सोडायला गेला तेव्हा मोहिनी त्याच्याशी सामानापुरतंच बोलली. ती गेल्यावर साईची वेणी, डबा, खंडेरावांच्या गोळ्या हे सगळं त्यानं नीट केलं. पण मुलाखतीच्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या तो तिची गाडी उशिरा पोचल्याचं, ती अडखळल्याचं, समितीनं नाक मुरडल्याचं चित्र मनात रंगवत होता. ते चित्र पुसावं म्हणून त्यानं पालकांना आत बोलावलं, तरी ते पुसलं जाईना.

निकाल पहिल्यांदा त्यानंच पाहिला. रोज सकाळी तो विद्यापीठाची वेबसाइट उघडून बसायचा. यादीत मोहिनीचं नाव वरून तिसरं होतं. मंजुषाचं नाव प्रतीक्षा यादीत खाली कुठंतरी होतं. सुनीलनं खुर्ची मागे ढकलली, खिडकीपाशी गेला, खालच्या रिक्षांकडे बघत उभा राहिला. मग त्यानं मोहिनीला लॅबमध्ये फोन लावला.

"झालं तुझं. तिसरी आहेस."

"नक्की?"

"नक्की. दोनदा बघितलं."

"बरं. आईला सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्याच्यापाशी ती हसली नाही, की रडली नाही. तो आनंद आईच्या वाट्याला गेला. सुनीलला त्याचाही हेवा वाटला, आणि त्याबद्दल तक्रार करायला त्याला तोंड नव्हतं.

मोहिनी हैदराबादला गेली. प्रतीक्षा यादी पुढे सरकली नाही, मंजुषा लॅबमध्येच राहिली. सुट्टीत साई आईकडे राहून आली आणि तिथल्या झाडांबद्दल, मोठ्या दगडांबद्दल, आईच्या टेबलाबद्दल सांगत सुटली. मोहिनीचा रोज फोन यायचा. आधी साईशी, मग खंडेरावांशी, शेवटी सुनीलशी. हळूहळू ती त्याला कामाचंही सांगू लागली, थोडं जपून, समोरचा कसं घेतो याचा अंदाज घेत. तो ऐकायचा. काही दिवस नीट ऐकता यायचं, काही दिवस नाही.

दसऱ्याच्या आधी तिनं एक काम सांगितलं. मखमलाबादच्या मळ्यात मर लागली होती आणि तिला ताजी रोपं मुळासकट हवी होती. यायला जमणार नव्हतं. "तुम्ही काढून पाठवाल का? मुळं तुटू देऊ नका."

सकाळी तो मळ्यात गेला. झेंडू पिवळाधमक फुलला होता, मधे मधे एखादं झाड उभ्या उभ्या सुकलेलं. सासूबाई, गोजराबाई, फुलं तोडत होत्या. त्यांनी खुरपं दिलं आणि बांधावर बसून बघत राहिल्या. सुनीलनं झाडाच्या भोवतीची माती लांबून उकरली, हातानं भुसभुशीत केली, मग रोप हळूच वर उचललं. मुळं काळपट पडली होती, पण एकही तुटलं नव्हतं. पहिल्याच रोपाला त्याच्या कपाळावर घाम आला.

"जावईबापू," गोजराबाई म्हणाल्या, "तुम्हाला बी तिथंच शिकायचं व्हतं ना? मोहिनी मागं एकदा बोलली व्हती."

सुनीलनं माती झटकली. इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्यानं विषय बदलला असता.

"हो," तो म्हणाला. "फार वाटायचं."

"आता वाटत नाय?"

"वाटतं. तिचा फोन आला की जास्त वाटतं. कधी कधी तर तिचा राग येतो मला."

गोजराबाई रागावल्या नाहीत. "येऊ द्या," त्या म्हणाल्या. "पण रोपं आजच धाडा. उन्हानं मुळ्या वाळत्याल." आणि टोपली उचलून पुढच्या सरीत गेल्या.

सुनील दुसऱ्या झाडापाशी गुडघ्यावर बसला आणि पुन्हा लांबून माती उकरू लागला.