माशाच्या पोटातला गडू

पुष्पाबाई करायला गेली होती चांगलंच. वैनगंगेच्या घाटावर पितळेचा भला मोठा मासा उभा राहत होता. भंडाऱ्याची भांडी आणि नदीची मासळी, दोन्हींची ओळख राहावी म्हणून घराघरांतून जुनी भांडी मागवलेली. ती झाळून एकमेकांना जोडायचं काम तिचा मुलगा मनिष आणि शेजारचा भैय्याजी करत होते. गंगेविना मासा कोरडाच, असं तिच्या मनानं घेतलं. सासूनं काशीहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला गंगेचा गडू तिनं कालच माशाच्या पोटातल्या एका कळशीत गुपचूप सरकवला. मनिषला सांगितलं नाही. देवाधर्माचं काही काढलं की तो हसायचा.

आज दुपारी ती आणि भैय्याजीची बायको ललिताबाई जेवणाचे डबे घेऊन आल्या. मनिषच्या हाताखाली काम करणारी राखी एका बंद पितळी डब्याला भोक पाडत बसली होती.

"चांगल्या डब्याले भोक काहून पाडून राहिली वं?" पुष्पाबाईनं विचारलं.

"बंद भांड्याले आग लागली का फुटते, काकू. आत पानी असलं तं बॉम्बच समजा."

पुष्पाबाईनं वळून माशाकडे पाहिलं. माशाच्या तोंडातून मनिषचे पाय तेवढे दिसत होते. आत गॅसची बत्ती घोंघावत होती. सगळ्यांसमोर पोरगा काय बोलेल, असं क्षणभर तिच्या मनात आलंच, आणि त्या क्षणाची तिला स्वतःचीच चीड आली.

"मनिष! भायेर निंघ!"

बत्तीपुढे तिचा आवाज कुठला पोचायला! तिनं त्याचे पाय धरले आणि जीव खाऊन ओढले.

"पागल झाली का, माय?" बत्ती विझवत तो ओरडला.

"आत गंगेचा गडू हाय. म्या ठेवला. डाव्या अंगाच्या कळशीत."

"तेच कळशी तापवून राहिलो होतो मी," मनिष म्हणाला.

पुष्पाबाई घाटाच्या पायरीवर बसली. वाचला, माझा वाचला, एवढंच ती पुटपुटत होती. तेवढ्यात ललिताबाईनं तिचा दंड घट्ट धरला.

"बाई... म्याही ठेवला. शेपटीत."

शेपटीतली बत्ती चालूच होती. आत भैय्याजी होता.

ललिताबाईचे पाय जागचे हलेनात. पुष्पाबाईच उठली आणि शेपटीकडे धावत सुटली.