खंडेनवमीचं कुंकू नि सूर्यभानचं कुलूप

मोहटादेवीची आन! ह्यातला एक शब्द खोटा निघाला तर माझी जीभ झडंल. ऐका.

अठ्ठ्यान्नव साल. आमची नात दीपा श्रीगोंद्यात सूर्यभानच्या कंप्युटर क्लासात शिकवायची. वरीसभर खपून तिनं साखर कारखान्यासाठी ऊस मोजायचा प्रोग्राम केला, लिनक्सवर. आनि सूर्यभान कारखान्याच्या सायबाला सांगून मोकळा, "मीच केला." वर पोरीला म्हनतो, "दसऱ्याला सायेब बघाया येनार हाय. तू येऊ नगंस."

पोरगी जेवंना. म्या म्हनलं, "रडू नगं. त्याच्याच तोंडून वदवू."

"कसं, आजे? मशीन त्याच्या ताब्यात. उठला की पडद्याला कुलूप घालतो. पासवर्ड त्यालाच ठावं."

"नि मागलं दार?"

तशी पोरगी हसली. त्या चित्रांच्या पडद्यामागं एक काळा पडदा असतो म्हनं. तिथं सूर्यभान मालक म्हनून शिरायचा नि बाहेर पडायचं इसरायचा. तिथनं मालकाला कुठलाबी पासवर्ड बदलता येतो. तीन बटनं एकदम दाबली की त्यो काळा पडदा म्होरं, सताड उघडा!

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, कामाला लावायची न्हाईत. सूर्यभाननं कंप्युटर पुजला. चालू ठेवला, झेंडूचा हार घातला, कुलूप लावलं. "कुनी शिवायचं न्हाई!"

"आरं, कुंकू तरी लावू दे म्हातारीला," म्या म्हनलं, नि दीपानं दावलेल्या तिन्ही बटनांवर बोटं अशी दाबून धरली! आरती सुरू झाली. सूर्यभान डोळे मिटून घंटा बडवतोय, मी पदर पसरून आडवी उभी, नि माझ्यामागं दीपा टकाटका. पासवर्डच बदलला की पोरीनं, नि मागलं दारबी लावून घेतलं!

दसऱ्याला सायेब आला. सूर्यभान कुलूप उघडाया बसला, तर मशीन पासवर्ड घेईना. शर्ट घामानं चिकाटला. दीपा दारातच उभी.

"दीपाताई, आत या की जरा."

"येऊ नगं म्हनला हुता न्हवं, सर?"

"हात जोडतो, बाई!"

"मंग नवा पासवर्ड मोठ्यानं म्हना नि लिवा: 'दीपानं केलं.'"

सूर्यभाननं लिवलं, एका बोटानं एकेक अक्षर, मोठ्यानं! मशीन उघडलं.

"काय केलं दीपानं?" सायबानं इचारलं.

"ह्यो प्रोग्राम, सायेब. मोडून परत करून दावू का?" दीपा म्हनली.

सायबानं सूर्यभानला एक प्रश्न घातला, दुसरा घातला. त्यो नुसता झेंडूचा हार चाचपतोय. मंग सायेब म्हनला, "उठा तुमी. बाईंना बसू द्या." सूर्यभान उठला, नि सगळ्यांदेखत भिताडाला टेकून ढसाढसा रडला!

बरं, देवीची आन घेतलीया, म्हनून सांगते. रडला न्हाई त्यो. तेवढं म्या पदरचं घातलं. रडाया पायजे हुता मेला.