बिनभोकांची बटणं

खळ्ळकन काहीतरी सांडलं आणि सकाळची शांतता मोडली.

धाकटीने शिलाई मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही. रविवारची ही एवढीच घटका तिच्या हक्काची. नवरा मोठी गाडी घेऊन बाहेरगावी, तिचा दादा आंघोळीला, आणि चार वर्षांची भिंगरी एका जागी बसलेली. सांडली ती बटणं, हे तिला आवाजावरूनच कळलं. पोरगी रोज तो डबा उपडा करायची आणि दुकानदारणीसारखी मांडून बसायची.

"आई, ह्या बटणांना भोकंच नाहीत."

"असतील गं. नीट बघ."

"नाहीतच मुळी! हे बघ. ह्याला पण नाही. दोरा कुठून घालायचा मग?"

धाकटीने पाय थांबवला आणि वळून पाहिलं. पोरीच्या तळहातावर शर्टाच्या पांढऱ्या बटणांच्या जोडीला तेवढ्याच, तशाच पांढऱ्या, गुळगुळीत गोळ्या होत्या. दादाच्या.

ती कशी उठली, खुर्ची कधी पडली, तिचं तिला कळलं नाही. "तोंडात घातलीस? एक तरी? सांग, मी रागावणार नाही. आ कर. आ!"

भिंगरीने आ केला, मग तोंड मिटून फुरंगटून म्हणाली, "बटण कोण खातं?"

धाकटी तिथेच फरशीवर बसली. एकेक गोळी वेचून तिने पदराच्या टोकात बांधली आणि डबा पुन्हा पुन्हा चाळला. मान वर केली तर दारात दादा उभा, खांद्यावर ओला टॉवेल. त्याला काही विचारावं लागलं नाही.

"प्यायलो नाही मी," तो आधी तेवढंच म्हणाला. "तुझी शपथ, छोटे. थेंब नाही."

"मग हे काय आहे?"

"हेच तर. सगळंच सोडायचं म्हटलं."

दादा दर बुधवारी दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जायचा. तिथले एक काका फार मायेचे. त्यांनी स्वतः कित्येकांना गटारातून उचलून आणलं होतं. त्या काकांनी चहा पिता पिता सांगितलं, की गोळी म्हणजे दारूचीच धाकटी बहीण. ती घरात आहे तोवर थोरली परत येणार. दादा मुळातला सुतार. चौकट करायची तर कोपरा न् कोपरा काटकोनात, नाहीतर मोडून पुन्हा. त्याला अर्धवट काही जमतच नाही. सोडायचं तर सगळं सोडू, म्हणाला. रोज धाकटी समोर उभी राहून गोळी द्यायची, तो ती गालात धरायचा, आणि ती स्वयंपाकघरात वळली की डब्यात टाकायचा.

"फेकून तरी द्यायच्या होत्यास!"

"जीव झाला नाही. तू किती लांब जाऊन आणतेस."

आता ह्याला हसावं की रडावं? धाकटीने दोन्ही केलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे नवऱ्याचा चेहरा आला. माणूस वाईट नव्हता. मेव्हण्याला घरात ठेवायला हो म्हणाला, ते दोन अटींवर: दारू नाही आणि गोळी चुकायची नाही. "एक जरी मोडलं, तरी मी त्याला लांबच्या संस्थेत नेऊन ठेवणार. घरात लेकरू आहे, तू मध्ये पडायचं नाहीस." आणि तो आज संध्याकाळी यायचा होता.

दादाच्या कानात कुणीतरी बोलायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते गप्प बसावं म्हणून तो प्यायला लागला, आणि दारू उतरली की ते दुपटीने बोलायचं. मागच्या वेळी चार माणसांनी हातपाय बांधून त्याला टेम्पोत घालून हॉस्पिटलात नेलं होतं. गल्ली खिडक्यांत उभी होती. टेम्पो वळेपर्यंत तो धाकटीलाच हाका मारत होता, आणि तिने पोरीचे कान आपल्या हातांनी झाकले होते. पुन्हा ते नको, एवढंच तिला हवं होतं. त्याला नेण्याचं पाप आपल्या हातून नको.

"ऐकू येतंय का रे परत?" तिने हळूच विचारलं.

दादाने टॉवेलची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

मग तिला नर्सबाईंचं बोलणं आठवलं. हॉस्पिटलातून सोडताना त्या म्हणाल्या होत्या, की ज्यांना दारूही आहे आणि डोक्याचा आजारही, अशांची एक वेगळी बैठक दर रविवारी भरते. चालवणारे पण तसलेच, डॉक्टर वगैरे कुणी नाही. धाकटी तेव्हा मनात म्हणाली होती, एक सांभाळताना नाकी नऊ आले, तसले दहा एकत्र बसून काय उजेड पाडणार! आज मात्र तिने भिंगरीला चपला घातल्या.

बैठक ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात होती. टायरच्या दुकानावरचा जिना, वर एक लांबट खोली, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचे तक्ते: वळण, घसरण, पुढे शाळा आहे, थांबा. एका कोपऱ्यात चाकांवरचा फळा. दहा-बारा माणसं खुर्च्यांवर गोल करून बसलेली, आणि त्यांतल्या कुणाकडे पाहून कळणार नाही की इथे कशाला आली आहेत. रविवारी वाणसामान आणायला निघालेली असावीत तशी.

"या, बसा. पुढे सरका, पुढे जागा आहे," दारातली बाई सवयीने म्हणाली आणि स्वतःच हसली. ती बस कंडक्टर होती. "मी दारुडी. शिवाय मूड चढला की ढगात, उतरला की तळघरात. मधला मजला डॉक्टरांनी बांधून दिला. आणि ह्या बाई कोण?"

"भिंगरी," भिंगरी म्हणाली. "मला काही नाही झालं."

"होईल, होईल," पलीकडचा न्हावी म्हणाला. "अजून लहान आहेस."

सगळे हसले. धाकटीला धक्काच बसला. घरात ह्या विषयावर इतक्या वर्षांत कुणी हसलं नव्हतं.

थोड्या वेळाने कंडक्टरबाईने टाळी वाजवली. "चला मंडळी, पेले भरा!"

धाकटी खुर्चीवरून अर्धी उठली. पण पेल्यांत माठातलं पाणी होतं. ज्यांची दुपारची गोळी होती त्यांनी खिशातून, पर्समधून, एकाने मोज्यातून आपापली डबी काढली. सगळ्यांनी पेले उंच केले, खणखण एकमेकांना लावले, "चिअर्स!" म्हणाले आणि गोळ्या गिळल्या. ज्यांना गोळी नव्हती त्यांनीही नुसतं पाणी घटाघटा घेतलं. एकाने तर मिशी पुसून "आहाहा" केलं.

"हात जुने, सवय जुनी," न्हावी तिच्याकडे वाकून म्हणाला. "आम्ही नुसता माल बदलला."

धाकटी बघतच राहिली. जी गोळी तिच्या घरात चोरासारखी गालात दडायची, ती इथे भर दिवसा वाजतगाजत पोटात जात होती.

दादाच्या हातात पेला तसाच होता. "पण गोळीचीही नशाच ना?" तो पाण्याकडे बघत म्हणाला. "सगळं सोडलं तरच खरं सोडलं."

"अगदी! मलाही कुणीतरी असंच पटवलं होतं," कंडक्टरबाई म्हणाली. "टाकली सोडून. महिना झाला नाही, भर गर्दीत सगळ्या बसला फुकट तिकिटं वाटली मी. म्हटलं, ही गाडी चंद्रावर जाते."

"उतरलं का कुणी?" भिंगरीने विचारलं.

"छे! एक आजोबा म्हणाले, वाटेत बाजार लागतो का."

हशा ओसरल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, "इथे तुला कुणी गोळी घे म्हणणार नाही आणि सोडही म्हणणार नाही. ते डॉक्टरचं काम. आमचं म्हणणं एवढंच, लपवू नकोस."

दादा पेला हातात फिरवत राहिला. त्याची नजर कोपऱ्यातल्या फळ्यावर जाई, परत येई, पुन्हा जाई. धाकटीला ती नजर माहीत होती.

न्हाव्यालाही ती दिसली असावी. "विचारून घ्यायचंय?" तो सहज म्हणाला, जणू पंखा लावू का म्हणतोय. "आमच्याकडे पद्धत आहे. एखादी गोष्ट खरी की आपल्यापुरतीच, अशी शंका आली की सरळ विचारायचं. प्रत्येक जण खरं सांगतो. हसत कुणी नाही."

दादाने ओठ ओले केले. "त्या फळ्यामागे... एक माणूस बोलतोय का?"

सगळ्यांनी हातांतले पेले खाली ठेवले. आणि मग जे झालं ते धाकटी जन्मात विसरणार नव्हती. कुणी लगेच नाही म्हणालं नाही. सगळे ऐकू लागले. मान किंचित तिरकी करून, श्वास आवरून, इतकी माणसं फळ्याच्या दिशेने मनापासून ऐकत होती. खाली पाना आपटल्याचा आवाज आला. पंखा कुरकुरला. दूर कुठेतरी मोटरसायकल सुरू झाली. एका माणसासाठी एवढ्या जणांनी आपले कान काढून द्यावेत, असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मला नाही येत ऐकू," कंडक्टरबाई म्हणाली.

"मला पंखा येतोय. माणूस नाही," न्हावी.

"नाही." "मला पण नाही." एकेक करत उत्तर पुढे सरकलं.

टोकाला बसलेले एक म्हातारे गृहस्थ मात्र अडखळले. "मला येतंय," ते म्हणाले. दादा ताडकन वळला. "पण ती बाई आहे, बाबा. आणि ती माझी आहे. जुनी. तुझा पुरुष म्हणालास ना? मग तो मला नाही येत."

आता पाळी धाकटीची. तिला आठवलं, घरी ती ह्या प्रश्नाला काय काय म्हणाली होती. काही नाही रे, झोप. कधी कंटाळून, हो हो, येतंय. कान देऊन ऐकलं मात्र कधीच नव्हतं. आज तिने डोळे मिटले आणि ऐकलं.

"नाही, दादा," ती म्हणाली. "मी नीट ऐकलं. मला नाही येत."

तेवढ्यात फळ्यामागून आवाज आला. "मामा! इथे नुसता झाडू आहे." भिंगरी केव्हाच तिकडे जाऊन पोचली होती.

दादाच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. आवाज थांबला असं नव्हे. पण ओझं वाटून घ्यायला माणसं मिळाली की खांदे जसे सैल पडतात, तसं. मग तो म्हणाला, "तो म्हणतोय, पोरीला घेऊन जा. ह्या घरात तिला धोका आहे. आठवडाभर म्हणतोय."

धाकटीने काही विचार न करता भिंगरीला ओढून छातीशी धरलं. दादाने ते पाहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात सोडवेना आणि धरवेना.

"बरोबर केलंस," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "छोटे, मी घरी येत नाही. इथूनच हॉस्पिटलात जातो. आत्ता, मला स्वतःला पटतंय तोवर."

"अरे, पण मी बघते ना! मी डोळ्यांत तेल घालून बघेन. ह्यांना मी समजावते..."

"पोरगी माझ्या गोळ्यांशी खेळत होती. तू अजून किती बघशील?"

"आज रविवार आहे," ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"इमर्जन्सीला रविवार नसतो," कंडक्टरबाई खुर्ची सरकवत उठली. "मी येते बरोबर. सीट मिळवून द्यायचं काम माझ्याकडे."

"त्या गोळ्या असतील तर दे," न्हावी धाकटीला म्हणाला. "किती घ्यायच्या राहिल्या ते डॉक्टरला दिसू दे. मीही येतो. दुकान आज बंदच."

धाकटीने पदराची गाठ सोडली. गोळ्यांत चुकून एक बटण आलं होतं. दादाने ते निवडून भिंगरीच्या हातात दिलं.

ती जिन्यापर्यंत गेली. तो पायऱ्या उतरत होता, एका बाजूला कंडक्टरबाई, दुसऱ्या बाजूला न्हावी, आणि त्याला कुणी धरलं नव्हतं. टायरच्या दुकानासमोर तो थांबला. वर बघून म्हणाला, "दाजींना सांग, त्याला नेलं नाही. तो गेला."

एवढं बोलून दादा रस्ता ओलांडायला उभा राहिला, आधी उजवीकडे बघून, मग डावीकडे, शहाण्या मुलासारखा. धाकटीला वाटलं, आपल्याला भाऊ आहे हे खरं, पण तो केवढा आहे हे आपण आज पाहतोय. डोकं सांगतंय एक, आणि हा पाय टाकतोय दुसरीकडे. एवढं बळ माणसात कुठून येतं? ती स्वतः असती त्या जागी, तर घराच्या दिशेने पळाली असती.

तिघं बसमध्ये चढली. वर बैठक पुन्हा सुरू झाली होती; कुणीतरी काहीतरी सांगत होतं, बाकीचे ऐकत होते.

भिंगरीने तिचं बोट ओढलं. "आई, आपल्याला तो माणूस ऐकू येत नाही."

"नाही गं, राणी."

"मग त्याला आपण ऐकू येतो का?"