वाउटरचे पॉपलर

क्रेलिस हा सुतार नुसता हट्टी नाही, हट्टाचा कारखाना आहे. आमच्या गावची पवनचक्की वादळात पंख गमावून बसली, तेव्हा सगळ्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली. याने नाही. वर्षानुवर्षं लोकांच्या मागे लागून, जत्रेत वाफल विकून त्याने ती पुन्हा उभी केली. छपराला नवं गवत, चाकांना नवे लाकडी दाते, दात्यांना मेण. आणि चार नवे पंख! पंख चढले तेव्हा मीसुद्धा गुपचूप डोळे पुसले. मग वारा सुटला, आणि पंख काही हलेनात.

नैऋत्येचा वारा म्हणजे आमचा घरचा वारा. आणि चक्कीच्या नैऋत्येला माझं कुरण, कुरणाच्या कडेला उंच पॉपलर झाडांची रांग. माझ्या नवऱ्याने, वाउटरने लावलेली. चक्कीचा सगळा वारा तीच खात होती.

क्रेलिस दारात आला. लाकडी बूट बाहेर काढून ठेवले, तेव्हाच ओळखलं, स्वारी काहीतरी मागायला आलीय. एरवी चिखलासकट घुसतो.

"शेजारीणबाई, कॉफी फक्कड झालीय हं."

"अजून ओतली नाहीये. बोल काय ते."

"झाडं."

"नाही."

"अगं, ऐकून तरी घे!"

"वाउटर गेला तेव्हा तुझी चक्की काय करत होती रे?"

आमच्याकडे कुणी गेलं, की चक्की अशी थांबवतात की वरचा पंख माथ्यावरून जरासा पुढे गेलेला राहतो. लग्न असलं, पाळणा हलला, तर माथ्याच्या किंचित अलीकडे. कुरणातून नुसतं बघून कळतं, काळे कपडे घालायचे की केक करायचा. माझ्या सासऱ्यांसाठी पंख तसे थांबले होते. त्या कजाग पोस्टमास्तरणीसाठीही थांबले होते. वाउटरच्या वेळी मात्र चक्कीला पंखच नव्हते. माझा माणूस तसाच गेला, हे मला फार लागलं होतं.

"तिला हातच नव्हते, नेल्त्ये. ती काय करणार?" क्रेलिस हळू म्हणाला. "बरं, त्याने ही झाडं का लावली, ठाऊक आहे तुला?"

"गुरांना आडोसा म्हणून."

"गुरांना! मला म्हणाला होता, 'ती थोटी रोज समोर दिसते, बघवत नाही. झाकून टाकतो.'"

मी कपात साखर ढवळत राहिले. मी साखर घेत नाही. झाडं वाढेपर्यंत वाउटर खिडकीकडे पाठ करून कॉफी प्यायचा. मला वाटायचं, डोळ्यांवर ऊन येतं म्हणून.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, मेल्या?"

"तू बोलू देतेस कुठे?"

मला भयंकर राग आला. याचा, वाउटरचा, माझा स्वतःचा. दुसरं बिस्किट दिलं नाही मी त्याला. पण आता ती थोटी नव्हती, मग झाकायचं काय? वाउटर असता तर कुऱ्हाड त्यानेच आधी उचलली असती.

"हिवाळ्यात पाड," मी म्हटलं. "पाखरं जाऊ देत. आणि वाउटरचं लाकूड चुलीत घातलंस तर याद राख."

पाडली त्या दिवशी मी पडदे ओढून बसले. ओंडके क्रेलिस घेऊन गेला.

पुढच्या वसंतात एका सकाळी पडदे सरकवले, आणि चक्की फिरत होती! कापड चढवलेले पंख भराभर, एकामागून एक. मी कामं टाकून दिवसभर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तिचं उद्घाटन होतं, घरोघरी केक भाजले जात होते. संध्याकाळी ती थांबली. वरचा पंख माथ्यावरून पुढे गेलेला.

एप्रन न काढताच बांधावरून धावत गेले.

"कोण गेलं रे?"

क्रेलिस दोर बांधत होता. "वाउटर," तो म्हणाला. "उशीरच झाला जरा."

तो मला वर घेऊन गेला. पंखांच्या मोठ्या चाकाला बाहेरून आवळून थांबवणारे ठोकळे त्याने दाखवले. नवे, पांढरट.

"हे पॉपलरचेच चांगले. मऊ असतं, घट्ट धरतं," तो म्हणाला. "त्यानेच थांबवली बघ."

मी त्या लाकडावर हात ठेवला आणि हमसून हमसून रडले. क्रेलिस उगाच भलत्याच दात्याला मेण लावत बसला.

मग एप्रनने नाक पुसून मी म्हटलं, "आज रात्रभर राहू दे असंच. उद्या मात्र अलीकडे थांबव. त्याला केक आवडायचा."