त्या काळी

थेक्लाने डाव्या हाताच्या बोटाने पानावरची चर चाचपली, बोरू शाईत बुडवून तिच्या टोकाशी टेकवला आणि लूकच्या शुभवर्तमानाची शेवटची ओळ लिहून टाकली. ओळी बोथट टोचणीने आखलेल्या होत्या म्हणून बरं, कातड्याच्या पानात त्या बोटाला नीट लागत. दोन हिवाळे झाले, तिच्या डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं पांढरं साचलं होतं, आणि मठात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कळलं असतं तर संपलंच. थेस्सालोनिकी शहराच्या तटाला लागून असलेल्या त्या बायकांच्या मठात खिडकीजवळची बैठक चांगलं अक्षर असणारीची. डोळे गेलेलीने भट्टीपाशी जाऊन कणीक मळायची. थेक्लाला कणकेचा काही राग नव्हता. पण चार शुभवर्तमानांपैकी मत्तय, मार्क, लूक तिच्या हातून उतरले होते आणि योहान उरला होता. लहानपणापासून तिला वेड ते योहानाचं. तेवढा होऊ दे, मग घ्या म्हणावं बोरू काढून!

बघून लिहिणं तिने केव्हाच सोडलं होतं. समोर मूळ पोथी उघडी असायची, तीही देखाव्यापुरती. जन्मभर देवळात ऐकून ऐकून सगळं तोंडपाठ झालेलं, तेच ती उतरवायची. मुळाकडे न बघता लिहिणारीला मठाच्या प्रमुख, थोरल्या माई, कोरड्या पावावर ठेवत, आणि हा नियम नव्या बायकांना थेक्लाच दरडावून सांगायची.

तेवढ्यात आनिसिया दार ढकलून आत आली. लिहिलेलं मुळाशी ताडून बघायचं काम तिचं.

"झाला का गं लूक?"

"झाला. बैस. नेहमीसारखी तू माझी पानं वाच, मी मूळ पोथी धरते."

"आज नाही बाई. त्या समुद्रावरच्या मेल्या वाऱ्याने घसा पार बसलाय. आज तू वाच, पोथी मी धरते."

थेक्लाला तर समोरचं पान दिसतच नव्हतं. पण नाही म्हणणार कोणत्या तोंडाने? तिने पानं पुढ्यात ओढली, मान खाली घातली आणि सुरुवात केली. आवाज खणखणीत होता. लूकमधले शिष्य गावाकडून परतले, एकमेकांशी बोलू लागले, आणि थेक्ला म्हणाली, "त्या काळी येशू त्यांच्यामध्ये उभा राहिला..."

"थांब, थांब. 'त्या काळी' कुठून आणलंस?"

"लिहिलंय ते वाचते आहे."

"अगं, मुळात नाही ते. इथे ते बोलत असतानाच तो मध्ये येऊन उभा राहतो. 'त्या काळी' हे देवळातलं. मधूनच कुठून वाचायला घेतात ना, तेव्हा आधी लावतात ते."

आनिसिया बघायला वाकली आणि तिथेच थबकली. थेक्लाच्या पुढ्यातलं पान भलतंच होतं. वाचता वाचता उलटायचं ती विसरूनच गेली होती. आनिसियाने स्वतः पानं उलटली. पुढे, सुरेख गोल अक्षरात, 'त्या काळी' लिहिलेलं होतंच.

"थेक्लाताई, माझ्या हातात काय आहे सांग बघू."

थेक्लाने चाचपत हात पुढे केला.

"अगं माझे आई! आणि मी रोज शेजारी बसते, मला पत्ता नाही!" आनिसियाने डोळे पुसले, मग उठून दार लावून घेतलं. "हे बघ, दोन शब्दांचा तर प्रश्न आहे. आत्ता सुरीने खरवडून टाकते. योहान लिहिताना मी जवळ बसेन, कानात सांगत जाईन. माईंना कळायचं काही कारण नाही."

थेक्लाच्या जिवात जीव आला. तिने आनिसियाचा हात घट्ट धरला. किती वेळ धरला होता कोण जाणे, पण मग तो हळूहळू सैल झाला.

"मत्तय काढ," ती म्हणाली.

"आता कशाला?"

"काढ म्हणते ना. आमच्या स्वर्गातल्या बापाची प्रार्थना आहे तिथलं वाच. माझ्यातलं आणि मुळातलं, दोन्ही."

आनिसियाने दोन्ही वाचलं. प्रार्थनेच्या शेवटी थेक्लाच्या पानावर पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचा गौरव होता, देवळात धर्मगुरू सूर लावून म्हणतात अगदी तसा. मुळात पुत्राचं आणि आत्म्याचं नावही नव्हतं. आनिसियाला हसू फुटलं.

"अगं, तू तर साक्षात धर्मगुरूंनाच मत्तयात नेऊन बसवलंस!"

थेक्लाही हसली. मग तिने पानांवरून हात फिरवला.

"ही पोथी आपल्यामागे किती वर्षं वाचतील गं. कुणाला कळणार, मत्तयाचं कुठलं आणि माझ्या कानातलं कुठलं?"

तिने चाचपून खरवडायची सुरी शोधली आणि आनिसियाच्या हातात दिली. मूळ पोथी बघून एकेक पान ताडायला सांगितलं, अगदी मत्तयापासून. माईंना मी स्वतः सांगेन, आजच, असंही म्हणाली.

"आणि तुझा योहान?"

"तू लिही."

"मी? माझं अक्षर बघितलंयस का कधी? कोंबडी चालून गेल्यासारखं!"

"तुला योहान पाठ आहे का?"

"छे! सुरुवातीच्या चार ओळी म्हणायच्या तरी अडखळते."

"म्हणूनच तू लिही," थेक्ला म्हणाली, आणि खिडकीजवळच्या बैठकीवरून उठली.