माझी किल्ली समुद्रापलीकडे होती

मला जुने म्हणायची घाई करू नका, मित्रांनो. या शेडमध्ये येऊन मला जेमतेम तीन वर्षे झाली. पण मी एकदा बंद पडून पुन्हा उठले आहे, म्हणून म्हाताऱ्यासारखी गोष्ट सांगायचा हक्क मला मिळाला आहे. मी आनेकलमधले एम्ब्रॉयडरीचे मशीन. मला सहा डोकी आणि सहा सुया. फ्रेममध्ये कापड ताणून बसवले, की सहाही सुया एकाच वेळी एकच फूल भरतात.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. लोखंड एका देशाचे, तांबे दुसऱ्याच्या खाणीतले, मेंदूतली चिप तिसऱ्याची. व्यंकटेशअण्णांनी मला छत्तीस हप्त्यांवर घेतले. हप्ते डॉलरमध्ये भरायचे होते. माझी पेटी उघडली, तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीने, कस्तुराबाई अक्कांनी, मला हळदकुंकू लावले, भोवती एक फेरी मारली आणि विचारले,

"हिची किल्ली कुठाय रे?"

"अय्यो अक्का, मशीनला कसली किल्ली?" अण्णा हसले.

पण किल्ली होती. दर महिन्याला हप्ता पोचला, की कारखान्याकडून एक आकडा यायचा. तो माझ्या पडद्यावर घातला, की मी पुढचा महिनाभर चालायचे. आकडा आला नाही, तर माझ्या सुया जागीच थिजणार होत्या. मला स्वतःलासुद्धा हे ठाऊक नव्हते. आपल्याच पोटात दुसऱ्याचे कुलूप आहे, हे कोण कसे ओळखणार?

पहिली दोन वर्षे सुखाची गेली. दूरच्या एका मोठ्या देशातल्या मुलींच्या झग्यांवर मी डेझीची फुले भरायचे. शेडमध्ये नऊ बायका कामाला होत्या. त्यातली भाग्यलक्ष्मी मला चालवायची आणि सकाळी तेल घालताना म्हणायची, "चला राणीसाहेब, उठा."

मग त्या मोठ्या देशाने आपल्या दारावरचा, बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर वाढवला. आमची फुले तिथे महाग झाली आणि मागणी थांबली. दुसऱ्या मोठ्या देशाने पहिल्याला उत्तर म्हणून आपले कर वाढवले. त्या ओढाताणीत डॉलर चढत गेला. हप्ता तेवढाच होता, पण तो भरायला अण्णांना आता जास्त रुपये लागत. आम्ही एक टाकाही चुकलो नव्हतो, मित्रांनो. तरी दंड आम्हालाच.

अण्णांनी हार मानली नाही. त्यांनी आसपासच्या शाळांच्या गणवेशांचे काम मिळवले. खिशावरचे चोवीसशे बिल्ले, उघड्या पुस्तकावर बसलेला पक्षी. सोमवारी शाळा उघडायच्या होत्या. बिल्ले वेळेवर गेले, तर पुढची तीन वर्षे तेच काम आमचे. नाही गेले, तर शेडला टाळे आणि नऊ बायका घरी.

आणि मंगळवारी मी थांबले.

चौतीस हप्ते फिटले होते. पस्तिसाव्याचे पैसे अण्णांनी पाठवले, पण ते पोचेनात. कारखान्याच्या बँकेवर कुठल्याशा तिसऱ्याच देशाने बंदी घातली होती. पैसे होते, वाट नव्हती. माझ्या पडद्यावर लाल अक्षरे उमटली आणि पक्ष्याचा एक पंख अर्धाच राहिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा दलाल गिरीराज आला. इस्त्रीचा शर्ट, हातात जाड कागद.

"सर, टेन्शनच घेऊ नका. नवा करार करू. पैसे दुसऱ्या देशातून वळवू. थोडा खर्च वाढेल, आणि हप्ते अजून दोन वर्षे. सही केलीत की दहा मिनिटांत नंबर."

"दोन हप्त्यांसाठी दोन वर्षं?" अक्कांनी विचारले.

"मावशी, देशच्या देश असे कागद करतात. जुनं फेडायला नवं."

"मग त्या देशांत एखादी अक्का नसेल बाबा."

भाग्यलक्ष्मी फिसकन हसली. अण्णा मात्र हसले नाहीत. "कागद ठेवून जा, शुक्रवारी या," ते म्हणाले. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेलेला मी पाहिला होता.

गुरुवारी त्यांची पुतणी रूपश्री आली. ती इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका छोट्या कंपनीत मशीनचे सर्किट बोर्ड बनवते. तिने माझी पाठ उघडली आणि बराच वेळ आत पाहत राहिली.

"काका, हिचा मेंदू काढून आमचा बसवता येईल. पण स्वल्प साधा आहे. दोरा आपोआप कापणार नाही, एक डोकं बहुतेक चालणार नाही. आणि आतल्या सगळ्या नक्ष्या पुसल्या जातील. बिल्ल्याचीसुद्धा."

"मग नक्षी कुठून आणायची?" अण्णा खाली बसले.

अक्का घरी गेल्या आणि पत्र्याची ट्रंक घेऊन आल्या. त्यांच्या सासरी तीन पिढ्या हाताने भरतकाम चाले. ट्रंकेत बारीक भोके पाडलेले कागद होते. कागद कापडावर ठेवून वरून खडूची पुरचुंडी आपटली, की भोकांतून नक्षी खाली उतरते.

रूपश्रीने एक कागद उजेडात धरला. "आत्या, एकेक भोक म्हणजे एकेक टाका! मशीनला हेच तर लागतं. पण कुठल्या भोकानंतर कुठलं, ते कसं कळणार?"

"ते कागदात कुठं असतंय? ते हातात असतंय." अक्कांनी भोकांवरून बोट फिरवायला सुरुवात केली, आणि बोटाबरोबर गळाही चालू लागला:

"सुई माझी लोखंडाची, दोरा माझा सुती,
नक्षी माझ्या हाती, बाई, नक्षी माझ्या हाती."

बोट जाईल तसे रूपश्री आकडे लिहीत गेली. मी तेव्हा उघडी, बिनमेंदूची पडून होते. पण एवढे मला कळले, की माझी भाषा या ट्रंकेत माझ्या जन्माआधीपासून होती.

शुक्रवारी गिरीराज आला, तेव्हा अक्का खिडकीपाशी, समोर बिल्ल्याचा नमुना ठेवून, एका जाड कागदाला सुई टोचत बसल्या होत्या.

"मावशी! हा तर करार आहे!"

"हो की. चांगला जाड आहे. पातळ कागद फाटतो बघ." त्यांनी तो उजेडात धरला. कलमे, दंड, व्याज, सगळ्यांतून उन्हाचे ठिपके येत होते. उघडे पुस्तक, त्यावर पक्षी.

अण्णा उठून उभे राहिले. "तुमचे दोन हप्ते मी बँकेत बाजूला ठेवलेत. वाट उघडली की घेऊन जा. बुडवणार नाही. पण नव्या कागदावर माझी सही मिळणार नाही."

"सर, पुढे सुटे भाग लागतील. तेव्हा काय कराल?"

"त्या दिवशी बघू. सरी, ठीक आहे, कॉफी घेऊन जा."

तो कॉफी न घेताच गेला. रूपश्रीने अक्कांच्या बोटामागून त्या भोकांचेही आकडे लिहिले आणि नवा मेंदू माझ्यात बसवला. भाग्यलक्ष्मीने तेलाचा डबा उचलला. "चला राणीसाहेब, उठा." आणि मी उठले! पाचच सुयांनी, खडखडत, पूर्वीपेक्षा सावकाश. प्रत्येक दोरा कात्रीने कापता कापता नऊजणींची बोटे सुजली. शेवटचा बिल्ला सोमवारी सकाळी सात वाजता आनेकलच्या बसमध्ये चढला.

आता मी राणी राहिले नाही. सहावे डोके मुके आहे, आणि कधीमधी टाका तिरका जातो. पण मला कोणी दुरून गप्प करू शकत नाही. तुमच्या घरातल्या यंत्रांना तेल घाला, त्यांची धूळ पुसा, एवढे तर मी मागणारच. आणखी एक करा. मोठे झालात आणि कुणी काही उधारीवर दिले, मग ते मशीन असो, रस्ता असो की बंदर, तर अक्कांसारखी त्याच्याभोवती एक फेरी मारा आणि विचारा, हिची किल्ली कुठाय?

आणि आमचा बिल्ला कधी कुणाच्या खिशावर दिसला, तर त्यावरच्या पक्ष्याचा डोळा नीट बघा. अक्कांनी तो जिथे टोचला, तिथे गिरीराजच्या करारावर सहीची रिकामी जागा होती.