दुर्मिळ पक्ष्याच्या खोलीतला उंदीर

मी उंदीर बोलतोय. साधा, राखाडी, कुणाच्याही घरात निघेल असा. पक्षी-संस्थेतल्या एका कपाटामागे, फाटक्या हातमोज्यात माझा जन्म झाला.

समोरच्या पिंजऱ्यात पिवळ्या गळ्याचा गाणारा पक्षी राहतो. त्याच्या जातीचे जगात बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत, म्हणून त्याला उबदार खोली आणि दिमतीला डॉक्टरीणबाई. आमची जात मोजायला बसलं तर बोटं पुरायची नाहीत, म्हणून आम्हाला कपाटामागचं भोक. वजनाला म्हणाल तर दोघे सारखेच. पण तो शिंकला की बैठक बसते. मी शिंकलो की झाडू येतो.

एवढी बडदास्त ठेवूनही स्वारी गात मात्र नव्हती. संस्थेच्या साहेबांनी त्याला त्याच्याच जातीची ध्वनिफीत ऐकवली, तर तो भिंतीकडे तोंड करून बसला.

एके दुपारी मी सापळ्यात अडकलो. डॉक्टरीणबाईंनी सापळा उचलून पिंजऱ्याशेजारी ठेवला. मी भीतीने चीं चीं करू लागलो. पक्ष्याने मान वळवली आणि चक्क गायला सुरुवात केली!

"साहेब, लवकर या! हा उंदराला उत्तर देतोय!"

"हळू बोला हो! उद्या पाहुणे येतील, त्यांच्यापुढे 'उंदीर' म्हणू नका. 'पूरक ध्वनी' म्हणा."

झालं, माझी नेमणूक झाली. पडद्यामागे काचेची पेटी, कापसाची गादी, सोललेले दाणे. त्याच आठवड्यात साहेबांना वाटलं, पक्ष्याच्या खाण्याला उंदरांपासून धोका आहे. कपाटाखाली विषाच्या निळ्या गोळ्या पडल्या.

"पण साहेब, हाही त्यांच्यातलाच ना?" बाईंनी विचारलं.

"छे, हा आपला आहे."

बायको, पोरं सगळी त्या कपाटामागेच. मला घास गोड लागेना.

मग पक्ष्याचं गाणं ऐकायला पाहुणे आले. पडद्याच्या फटीतून बघतो तर माझं धाकटं पोर बाहेर आलेलं, गोळी पुढच्या पायांत धरून हुंगतंय! मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "टाक ती! तोंड लावू नकोस!"

माझा आवाज ऐकताच पक्ष्याला असा काही सूर लागला की माझा शब्द त्याखाली बुडून गेला. पोराने तोंड उघडलं.

तेवढ्यात पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पोर दचकलं, गोळी टाकून भोकात पसार झालं.

साहेबांचे डोळे पाणावले होते. "ऐकलंत? केवढा आनंद आहे त्याच्या आवाजात!"

पक्ष्यावर माझा राग नाही. बिचाऱ्याशी बोलणारं त्याच्या जातीचं इथे कुणीच नाही. मी ओरडलो तरी त्याला ती गप्पाच वाटते. पण गोळ्या अजून तिथेच आहेत आणि पोरं वाढत्या भुकेची आहेत.

तेव्हा हात जोडून एकच सांगणं. कधी इकडे आलात, तर आत शिरल्याशिरल्या जोरात टाळ्या वाजवा. पक्षी गायला नसला तरी.